सुनेचे पाय धरणारी भिवराई

फार मागची गोष्ट. डोंगराच्या कुशीत कारळवाडी नावाचं गाव होतं आणि गावात एकच तेलघाणा होता, भिवराबाई तेलणीचा. तिच्या कारळ्याच्या तेलाची फोडणी बसली की चार घरांपलीकडचा माणूस ताटावर येऊन बसायचा, असं म्हणतात.

एका साली पाऊस दडी मारून बसला. कारळे करपले, पण बांधावरचा काटेरी पिवळा धोतरा फोफावला. एरवी खळ्यावर सांडलेले दाणे लोक चिमण्यांना सोडत. त्या साली धुळीसकट झाडून नेले. त्यात धोतऱ्याचं काळं बी मिसळलं, ते कुणाला कळलं नाही. तेल दिसायला नेहमीसारखंच निघालं.

मग गावात पाय सुजू लागले, धाप लागू लागली. गाव म्हणालं, देवीचा कोप. बोकड द्या!

भिवराबाईची सून राही गरोदर होती. ती सुजलेले पाय लुगड्यात लपवायची. भिवराबाईनं एकदा तिचा घोटा अंगठ्यानं दाबला. खळगा पडला, तो भरेचना.

"आत्याबाई, पायाला काय हात लावता! पाप लागंल मला."

"लागलं तर मला लागंल. गप बस."

गावात एक गवळ्याचं घर तेवढं धडधाकट होतं. त्यांच्या चुलीवर तेल नव्हतं, लोणी होतं. भिवराबाईनं ओळखलं, खोट आपल्याच तेलात असणार. त्या दिवसापासून तिनं राहीला लोण्याशी भाकरी दिली आणि खात्री करायला स्वतः नव्या तेलाचं कालवण खाल्लं. राहीचे पाय उतरले, सासूचे चढले. सुनेची सूज तिनं आपल्या पायांत ओढून घेतली, असं म्हणतात.

मग तिनं घाण्यातलं सगळं तेल खडकावर ओतलं.

"खुळी झाली तेलीण! आता फोडणी कशाची द्यायची?" बाया ओरडल्या.

"आधी जगा, मग फोडण्या द्या!"

हळूहळू गावाची सूज उतरली. राहीला मुलगी झाली. भिवराबाईनं नातीला डोळे भरून पाहिलं, पण तिची स्वतःची धाप काही थांबली नाही, त्यातच ती गेली. त्या खडकावर आजही मुंगी फिरकत नाही, असं म्हणतात.

कारळवाडीत अजून नवं तेल घरात आलं की सासवा सुनांना पाटावर बसवतात आणि वाकून त्यांचे घोटे दाबून बघतात. नवी सून लाजून पाय ओढून घेते. तेव्हा सासू म्हणते, "थांब गं, भिवराई बघतेय."