घुमरी दरीची ओ

मने, पाय आखडून घे. शऱ्या, तिची उशी सोड. आता मी बोलायला लागले की कुणी मध्ये बोलायचं नाही.

तर एक होता राजा, आणि त्याच्या राज्याच्या मधोमध होती एक दरी. घुमरी दरी म्हणायचे तिला. हाक मारली की घुमायची, म्हणून घुमरी. दरीच्या अलीकडे राजाचं गाव आणि मोठी पेठ. पलीकडे कुंभारवाडी. हाकेच्या अंतरावर, बरं का! पण यायचं म्हणजे सकाळी गाढवं घेऊन दरीत उतरायचं, ते दिवस मावळता वर पोचायचं.

कुंभारवाडीची सुगडं म्हणजे काय सांगू तुम्हाला! संक्रांतीला आपण पुजतो ना, ती. पातळ, गुळगुळीत, टिचकी मारली की खणखण वाजणारी. पण दरी चढून येईतो निम्मी फुटायची. शेजारच्या राजाची सुगडं नावेतून अलगद यायची, अख्खीच्या अख्खी. मग पेठेतल्या बायका तीच घ्यायच्या. फुटकं सुगड कोण पुजणार?

मग शेजारच्या राजानं निरोप धाडला, "कुंभारांनो, इकडे या. नदीकाठी जागा देतो." वाडीत हौसा नावाची कुंभारीण होती. ती म्हणाली, "आपली माती सोडून जायचं? तीन संक्रांती वाट बघू. नाहीच काही झालं, तर आपली चाकं गाडीवर चढवून निघू."

हे राजाच्या कानावर आलं आणि तो बोटं मोजायला लागला. आज कुंभार गेले तर उद्या कोष्टी जातील, परवा लोहार. मग राज्य कुणावर करायचं, भिंतींवर? राजा मनानं चांगला होता गं. घाईचा होता, एवढंच.

त्यानं ठरवलं, पूल बांधायचा. रयतेला विचारल्याशिवाय काही बांधू नये, अशी त्या राज्याची रीत. मग राजा राजवाड्यामागच्या कड्यावर उभा राहिला आणि ओरडला, "इथं पूल हवा?" दरीतून आवाज आला, "हवा... हवा..." राजा म्हणाला, "ऐकलंत ना? हवा म्हणतात!" आणि वळला, गेला जेवायला.

पूल झाला. दगडी, कमानीचा, देखणा. पण पलीकडचं टोक थेट उभ्या कातळाला जाऊन भिडलं. शेळीसुद्धा चढेना, गाढव कुठून चढणार? एक संक्रांत गेली.

मग राजा देवळामागून ओरडला. "हवा... हवा..." दुसरा पूल झाला. त्याचं टोक उतरलं दलदलीत. गाढवं पोटापर्यंत रुतली. दुसरी संक्रांत गेली.

मग राजा पेठेमागून ओरडला. "हवा... हवा..." तिसऱ्या पुलापलीकडे जमीन कशी छान, सपाट! असणारच. कुंभारांची मातीची खाण होती ती. मऊ, लोण्यासारखी माती. वाडीतली माणसं गवंड्यांना म्हणाली, "अहो, इथं खांब टिकायचा नाही." गवंडी म्हणाले, "आम्हाला काय सांगता? राजाला सांगा."

हौसाचा नवरा सखोबा. त्यालाही ठाऊक होतं. पण तिसरी संक्रांत होती, मग काय करील बिचारा? गाढवांवर सुगडं लादली आणि निघाला. मधोमध पोचला, तोच मागचा खांब खचला. पूल गेला, गाढवं गेली, सुगडं गेली. सखोबा करवंदीच्या जाळीत अडकून वाचला. पण त्याचा उजवा हात, चाकावर मातीला आकार देणारा हात, तो चेचला तो कायमचाच. हो गं मने, वाईट झालं. फार वाईट झालं. मला सांगतानाही बरं वाटत नाही.

राजा धावत कड्यावर आला. ओरडला, "तुम्हीच म्हणालात ना!" दरी म्हणाली, "म्हणालात ना... ना..." राजा तिथंच मटकन खाली बसला. आज जेवायला गेला नाही की कुठंच गेला नाही. दरी घुमून घुमून शांत झाली.

आणि मग, बरं का, दरी स्वतःच्या आवाजात बोलली. "राजा, ती रयत नव्हती रे. ती मी होते. तुझंच बोलणं तुला परत देत होते. तू तेवढंच ऐकायचास आणि निघून जायचास."

"मग रयत कधी बोलते?" राजानं विचारलं.

"माझं संपल्यावर."

राजा कान देऊन बसला. आणि पलीकडून, लांबून, सुतासारखा बारीक आवाज आला. "ओ..."

ती हौसा होती. तिन्ही वेळा तिनं ओ दिली होती.

मग राजा पायी दरीत उतरला. दिवस मावळता वाडीत पोचला. चाकं गाडीवर चढलेली होती. त्यानं सखोबापुढे हात जोडले, म्हणाला, "चुकलो." हौसा काही 'असू द्या महाराज' म्हणाली नाही. ती म्हणाली, "तीन वर्षं ओ देतेय. घसा बसला माझा." आणि तिनं राजाला उंबराच्या खिंडीत नेलं. तिथं दरीचे दोन्ही काठ जवळ आलेले आणि पायाखाली काळा पाषाण. राजवाड्यातून ती जागा दिसतच नव्हती.

मग गाडीवरची चाकं उतरली. यंदा पूल दोन्हीकडून एकदम बांधायला घेतला. रोज कामाआधी अलीकडून हाक जायची, दरी गप्प होईतो सगळे बसायचे, पलीकडून ओ आली की मगच दगड उचलायचा. पूल मधोमध येऊन जुळला.

पुढच्या संक्रांतीला गवतात ठेवलेली सुगडं पेठेत आली, एकही न फुटता. सखोबाचा हात काही बरा झाला नाही. पण पहिली गाडी त्यानंच हाकली, डाव्या हातानं. हौसानं एक सुगड राजाच्या हातावर ठेवलं. राजानं टिचकी मारली, ते खणखणलं, आणि राजाला रडू आलं. मग कुणीच वाडी सोडून गेलं नाही. सगळी सुखानं नांदली.

झाली गोष्ट. आता मी एकेकाला हाक मारीन, आणि आजच्यापुरती ओ द्यायची नाही, कळलं? मने... शऱ्या... अरे शऱ्या...

झोपली गं बाई पोरं माझी.