पाटलेचा पहिला घोट

पूर्वी सुमेखला नगरीत दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्याच्या सीमेवरील अरण्यात हत्तींचे नायक म्हणून जन्मले होते. कळपाला पाण्यापर्यंत नेण्याचे काम पाटला नावाच्या हत्तिणीकडे होते. पाटला कामात चोख, पण स्वतःच्या बाबतीत भारी कडक. दुसऱ्याची चूक ती हसून सोडून देई. स्वतःची मात्र वर्षभर उगाळत बसे.

एका उन्हाळ्यात तिने कळपाला एका जुन्या तळ्याकडे नेले. "नदीकडं जाऊ या," असे तिची थोरली बहीण करेणू वाटेत म्हणाली होती, पण पाटलेने ऐकले नाही. तळ्यावर पोचून पाहतात तो काय, पाण्याचा टिपूस नाही! नदी तर आता फार लांब राहिली होती.

बोधिसत्त्वांनी कोणालाही बोल लावला नाही. ते तळ्याच्या मधोमध पायाने माती उकरू लागले, तसा सगळा कळप कामाला लागला. दुपार कलताना खड्ड्यात गढूळ पाणी पाझरले आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

आता त्या कळपाची एक रीत होती. जिने वाट दाखवली तिने पहिला घोट घ्यायचा, मग इतरांनी. पाटला मात्र दूर मान खाली घालून उभी. आपण सगळ्यांना मरणाच्या दारात आणले, तेव्हा तहानेने मरणे हेच आपल्याला योग्य, असे तिने ठरवून टाकले होते. रीत मोडायला कोणी तयार नव्हते. सगळे खड्ड्याभोवती ताटकळत राहिले.

"अगं, पी की गं बाई!" करेणू म्हणाली. "घशाला कोरड पडलीय आमच्या."

"तुम्ही प्या, ताई. माझा तो हक्क गेला."

बोधिसत्त्व तिच्याजवळ जाऊन हसले. "पाटले, तू चुकलीस हे खरं. करेणूचं ऐकायला हवं होतंस. पण तळं काही तू आटवलं नाहीस. थोडं श्रेय उन्हालाही दे!"

तशा अवस्थेतही दोघीतिघींना हसू फुटले. मग बोधिसत्त्व हळूच म्हणाले, "शिक्षा तू स्वतःला देते आहेस. भोगतंय कोण, ते बघ तरी."

पाटलेने मान वर केली. धुळीने माखलेल्या सोंडा, खोल गेलेले डोळे, आणि एकाही नजरेत राग नाही. सगळे नुसते तिची वाट पाहत होते. एवढी माया आपल्या वाट्याला आली आणि आपण तिच्याकडे पाहिलेही नाही, या विचाराने तिचे डोळे भरून आले. ती खड्ड्याशी आली आणि प्याली. चिखलाच्या वासाचे ते पाणी तिला फार गोड लागले.

उन्हे उतरल्यावर कळप निघाला. "ताई, नदी डावीकडं असावी असं वाटतं," पाटला म्हणाली. "पण खात्री नाही. तुला काय वाटतं?"

"डावीकडंच. चल, हो पुढं."

आणि पाटला पुढे झाली.

ही कथा तथागतांनी सांगितली ती संघमाला नावाच्या भिक्षुणीला. सभेत पाठ म्हणताना ती चुकली, म्हणून तिने अन्न सोडले होते, आणि तिच्यावाचून जेवायचे कसे म्हणून इतर भिक्षुणीही उपाशी बसल्या होत्या. तथागत म्हणाले, "तेव्हाची पाटला ती ही संघमाला. करेणू ती हिची वडील गुरुभगिनी सुवासा, कळप म्हणजे तुम्ही सगळ्या, आणि हत्तींचा नायक तो मीच."

संघमालेने सगळ्यांना हात जोडले आणि भिक्षापात्र पुढे ओढले.

राग न धरता केलेल्या अशा मायेला मैत्री म्हणतात. ती सर्व जिवांवर करायची असते, आणि आपणही त्या जिवांतलेच एक असतो.