पाहुण्याला न पोचवणारं गाव

तो समोरचा काळा कातळ दिसतोय ना, जिथं तुमची मंडळी रंगीत दोर सोडून उतरतायत आणि किंकाळ्या मारतायत, तो दोरकडा. मारोत बापडे, शनिवार-रविवार तेवढीच गावाला जाग. पण मघाशी तुमच्यातल्या एक ताई रुसल्या. म्हणे, पोटभर जेवू घातलं आणि निघताना घरातलं कुणी उंबऱ्यापर्यंतसुद्धा आलं नाही! ताई, ती आमच्या आंबेखिंडीची रीत आहे. कशी पडली ते ऐका.

फार मागे त्या कातळावरच्या गडाला वेढा पडला होता, असं सांगतात. वर दाणा उरला नाही, झाडपाला उकडून खाल्ला, तोही संपला. गडावर रायाजी भांगरे आणि त्याची बायको तुकाई राहत. त्यांची लेक भुकेनं डोळा उघडेना. तेव्हा रायाजी म्हणाला, मी मागच्या या कड्यानं गावात उतरतो, नाचणी आणतो. दोर धरायला तुकाई. खालून दोन हिसके आले की ओढायचं. तो खाली गेल्यावर किल्लेदारानं मात्र तुकाईला बजावलं, खाली उजेड दिसला तर गनीम समजायचा आणि दोर कापायचा, मग खाली कुणीही असो. तुकाईनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

गावानं पोटाला चिमटा काढून पोतं भरून दिलं. रायाजी निघाला, तर म्हातारेकोतारे सोबत यायला उठले.

"नको हो, एकटाच जातो," तो हात जोडून म्हणाला.

"असं कसं? अंधारात पाहुण्याला एकटं धाडायचं? कड्यापर्यंत पोचवतो की!"

तो झपाझप पुढं गेला, तर हे चुडी पेटवून मागोमाग. त्या अंगाला गनिमाची चौकी नव्हती, म्हणून बिनघोर. माया हो, दुसरं काय! त्या मेल्या मायेनंच घात केला.

तुकाईच्या हाताला दोन हिसके बसले. त्याचेच, तिनं ओळखले म्हणे. तेवढ्यात झाडीतून उजेड वर सरकताना दिसला. खालून हाक आली, "तुके, ओढ!" किल्लेदार म्हणाला, गनिमानं धरून हाक मारायला लावली असेल. तुकाईनं कोयता उचलला आणि दोर कापला.

उजेड गनिमानंही पाहिला होता. सकाळी वरून दिसलं ते एवढंच: कड्याखाली रायाजी पडलेला, पोचवायला आलेली माणसं पडलेली, आणि सांडलेली नाचणी पाखरं टिपतायत. लेक त्याच दिवशी गेली. मग गडही गेला. तुकाईचं पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

आजही आंबेखिंडीत निघालेल्या माणसामागं कुणी जात नाही, बत्ती दाखवत नाही. माझी एकुलती लेक सासरी निघाली, तेव्हा मी आत चुलीकडं तोंड करून बसलो होतो. तिनं वळून पाहिलं का, ते मला अजून ठाऊक नाही.