खारीने घेतलेली बिबट्याची मोटार

एका घाटातल्या जंगलात एक खार राहत असे. राहत असे आपले म्हणायचे इतकेच; कारण तिचे झाड मागच्या वादळात आडवे झाले होते आणि तेव्हापासून सासूला आणि पिल्लांना घेऊन ती एका खडकाच्या कपारीत दिवस काढत होती. कपारीला वरून चीर होती. उन्हाळ्यात तिच्यातून ऊन यायचे ते ठीक, पण पावसाळ्यात तिच्यातून काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. दौलत म्हणावी अशी एकच गोष्ट तिच्याजवळ होती, ती म्हणजे शेंगांनी भरलेली एक कणगी. शेताशेतांतून वेचून आणलेल्या त्या शेंगांवर सगळ्या घराचा पावसाळा निघायचा होता.

त्या जंगलात एक रीत होती, मुलांनो. घाटमाथ्यावर एक जुना आंबा होता. त्याची ढोली खोल आणि कोरडी ठणठणीत, आणि फळ इतके गोड, की पोपटसुद्धा खाताना बोलायचे थांबत. असले झाड एकाच्या मालकीचे कसे असावे? म्हणून दरवर्षी चैत्र संपता संपता घाटातून मोटारींची शर्यत लागायची. पायथ्यापासून निघून जो पहिला माथ्यावर पोहोचेल, त्याला तो आंबा वर्षभर मिळायचा. (जंगलात मोटारी कुठून आल्या, हे विचारू नका. गोष्टीतला कोल्हा बोलतो ते तुम्हाला चालते, मग मोटारीनेच काय पाप केले?) गेली कित्येक वर्षे आंबा एका हुप्प्या वानराकडेच होता. त्याची मोटार दर खेपेला नवी कोरी असायची. वानराला ढोलीची काय गरज? तो नुसता फांदीवरून शेपूट सोडून बसायचा आणि खालून जाणाऱ्यांना कोयी मारायचा. खारीला ते बघवत नसे. आपली पिल्ले त्या ढोलीत निजलेली तिला जागेपणीही दिसत.

उताराच्या तोंडाशी कोल्ह्याचे जुन्या मोटारींचे दुकान होते. एके दिवशी तिथे एक लाल मोटार येऊन उभी राहिली. ती बिबट्याची. त्याने ती शर्यतींसाठी खास बनवून घेतली होती आणि एके काळी ती घाटात शिरली, की पाखरे आधीच फांद्या सोडून उडत. आता बिबट्याने दुसरी घेतली होती आणि ही कोल्हा विकायला निघाला होता, तीही अर्ध्या कणगीत. नव्या मोटारीला खारीच्या सात पिढ्यांच्या शेंगा पुरल्या नसत्या. साऱ्या जंगलात एकच चर्चा सुरू झाली. निम्मे म्हणत, असा सौदा जन्मात मिळायचा नाही. निम्मे म्हणत, भंगार आहे, हातही लावू नका. मात्र यांतल्या एकानेही मोटारीजवळ जाऊन पाहिले नव्हते.

खार मात्र गेली. कोल्ह्याने तिला बसायला पाट दिला, पाणी दिले आणि मोटारीचे गुण गायला सुरुवात केली. मालक एकच, तोही साहेबी थाटाचा. मोटार चालवली ती सणावारी. एक ओरखडा दाखवा आणि फुकट घेऊन जा. खार ऐकत ऐकत टुणकन बॉनेटवर चढली आणि पोट टेकून बसली. मोटार करंजाच्या दाट सावलीत उभी होती, ऊन अजून वर आले नव्हते, तरी पोटाला चांगली ऊब लागत होती.

"आज सुरू केली होती का हो?" तिने विचारले.

"छे, आठ दिवसांत किल्लीसुद्धा लावलेली नाही," कोल्हा म्हणाला. "बसा ताई, या उतारावरून एक फेरी मारू. वारा लागेल."

आता सगळी गिऱ्हाइके इथेच फसत. कोल्हा गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवी, म्हणजे थंड इंजिनाची कुरकूर कुणाला ऐकू येत नसे. आणि फेरी मारायची ती उताराची. उतारावरून काय, पाटा-वरवंटासुद्धा पळतो. खारीचेही मन पळत होते, ते खोटे कशाला सांगा? तिला ती मोटार मनापासून आवडली होती. पण पोटाला लागलेली ऊब तिला स्वस्थ बसू देईना. उद्या येते म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी कोल्हा जांभया देत बाहेर आला, तर खार बॉनेटवर पोट टेकून हजर. या खेपेला पत्रा गारेगार होता. सोबत तिने गॅरेजवाल्या मुंगसाला आणले होते. तिने किल्ली फिरवली. मोटार आधी नुसतीच खोकली, मग खडखडली, मग मागून निळा धूर सोडत एकदाची सुरू झाली. खारीने ती उतारावर न नेता चढावर घातली. चढावर मोटारीने वेग धरला खरा, पण अर्ध्या वाटेत तिचे पाणी उकळू लागले. मुंगूस खाली शिरले, बराच वेळ आत काही तरी ठोकत राहिले आणि तोंड काळे करून बाहेर आले.

"इंजिन जातिवंत आहे ताई, हे खरं," ते म्हणाले. "पण ब्रेक संपलेत, पट्टा कधीही तुटेल, टायर गुळगुळीत झालेत. याचं सामान आपल्या बाजारात मिळत नाही, नदीपलीकडून बगळ्याकडून मागवावं लागतं. बिबट्याची मोटार आहे, खर्चही बिबट्याचाच सांगणार."

एकूण किती, असे खारीने विचारले. मुंगसाने हिशोब सांगितला. कोल्हा मागत होता अर्धी कणगी; दुरुस्तीला जवळजवळ पाऊण लागणार होती. दोन्ही मिळून तिच्याकडे होते त्याहून जास्त होत होते. ती तिथेच दगडावर बसून राहिली. इतक्या शेंगांत घाटात पहिली येणारी दुसरी कुठलीही मोटार मिळणार नव्हती, हे तिला दिसत होते. आणि सगळ्या शेंगा घालून हरली तर काय होईल, हेही दिसत होते. तिला भीती वाटली, आणि ती तिने लपवली नाही. भीती वाटते हो, असे तिने मुंगसाला सांगूनच टाकले. मग उठली आणि कोल्ह्याकडे गेली.

निळा धूर साऱ्या गल्लीने पाहिला होता, त्यामुळे कोल्ह्याचा आवाज जरा खाली आला होता. खारीने पाव कणगी सांगितली. कोल्हा रडला, बायकापोरांची शपथ घेतली, शेवटी हो म्हणाला. खार वळताच त्याने शेजारच्या तरसाला डोळा मारला. डोक्यावरची ब्याद गेली, असे त्याला वाटले असणार.

त्यानंतरचे दिवस खारीने मोटारीवर कमी आणि मोटारीखाली जास्त काढले. आज पट्टा आला, उद्या ब्रेक, परवा टायर. आणि जे जे आले त्याने कणगीतून आपला वाटा नेला. मोटारीने तेल तरी किती प्यावे? करंजाचे तेल हुप्प्याच्या मोटारीला जेवढे लागे त्याच्या दुप्पट हिला लागे. येणारे जाणारे थांबून विचारत, "काय खारूताई, स्वस्तात पडली ना मोटार?" आणि हसत पुढे जात. खार पान्याने नट पिळत राहायची. सुटा भाग बसवला, की ती चढावर जाऊन यायची आणि प्रत्येक आवाज कान देऊन ऐकायची. पट्टा सैल झाला तर कसा किंचाळतो, इंजिन तापायच्या आधी कसे गुरगुरते, सारे तिला पाठ झाले.

एके दिवशी सासूबाईंनी कणगीत हात घातला, तर तो तळाला टेकला.

"सूनबाई, आता पोरांना काय मोटार खाऊ घालायची?" त्या म्हणाल्या.

"नाही सासूबाई," खार म्हणाली. "आंबे खाऊ घालायचे."

 पुढच्या दिवसापासून सासूबाईच तिला पाना हातात देऊ लागल्या.

शर्यतीचा दिवस उजाडला. घाटाच्या दोन्ही कडांवर सारे जंगल जमले होते. हुप्प्या नव्या मोटारीच्या आरशात मिशा पाहत बसला होता. त्याच्या शेजारी रानडुकराची दणकट मोटार आणि तिच्या शेजारी आपली खार. पाय पोहोचावेत म्हणून मुंगसाने तिला पेडलवर लाकडाचे ठोकळे बांधून दिले होते. मोराने केकारव केला आणि मोटारी सुटल्या.

लाल मोटार पहिल्या वळणालाच पुढे गेली. लोक हसायचे विसरले. दुसरे वळण, तिसरे वळण, आणि मधल्या चढावर खारीच्या कानावर ती गुरगुर आली. दुसरा कुणी असता तर त्याने पाय आणखी दाबला असता आणि माथ्याऐवजी धुरात पोहोचला असता. खारीने पाय उचलला. मोटार मंदावली. हुप्प्या शेपूट हलवत बाजूने निघून गेला, पाठोपाठ रानडुक्करही. कडेवरून एक मोठा सुस्कारा आला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. खारीच्या डोळ्यांपुढे कणगीचा रिकामा तळ येत होता, तरी तिने घाई केली नाही. गुरगुर थांबेपर्यंत ती कान देऊन हळूहळू चढत राहिली.

मग शेवटचा खडा चढ आला. इथे रानडुकराच्या मोटारीला दम लागला, हुप्प्याची नवी मोटारही कण्हू लागली. आणि खारीने ठोकळा दाबला. बिबट्याची मोटार याच चढासाठी जन्मली होती. ती अशी उसळली, की रानडुकराला कळेपर्यंत ती त्याच्या पुढे होती, आणि हुप्प्याने आरशात पाहिले तेव्हा आरशात कुणीच नव्हते, कारण खार त्याला ओलांडून गेली होती. तिने आंब्याच्या बुंध्याशी मोटार थांबवली आणि सरळ ढोलीत उडी मारली. साऱ्या घाटाने तिच्या नावाचा गजर केला. सासूबाई पिल्लांना पाठीवर घेऊन या वयात तो चढ पळत चढल्या. खार रडली, हसली आणि पाडाला लागलेला पहिला आंबा तिने त्यांच्या हातात दिला.

एवढ्यात कोल्हा एका उंच दगडावर चढला. ही मोटार आपल्याच दुकानातली, तीही फक्त पाव कणगीत दिलेली, असे तो ओरडून सांगू लागला. अशा आणखी आहेत, लवकर या. बघता बघता त्याच्याभोवती गर्दी झाली. एक ससा तर वर्षाची सगळी साठवण डोक्यावर घेऊन निघाला होता. जाता जाता त्याने खारीला विचारले, "ताई, खरंच पाव कणगीत मिळाली?"

खारीने त्याला ढोलीजवळ बसवून घेतले. "कोल्होबांनी पावच घेतली, ते खरं बोलताहेत," ती म्हणाली. "उरलेली पाऊण मोटारीने घेतली. आणि अजून तिचं पोट भरलेलं नाही. तुझ्या डोक्यावर आहे ते कोल्होबांपुरतं आहे, की मोटारीपुरतंही आहे?"

सशाने डोक्यावरचे गाठोडे खाली ठेवले आणि हाताने चाचपून पाहिले. मग ते उचलून तो घरच्या वाटेला लागला. त्याच्यामागे आणखी कितीतरी जण वळले. कोल्हा दगडावर एकटाच ओरडत राहिला.

त्या रात्री खारीची पिल्ले कोरड्या ढोलीत, आंब्याच्या वासात गाढ झोपली. सकाळी ती उठली तेव्हा आई ढोलीत नव्हती. खाली मोटारीच्या पोटातून तिचे शेपूट तेवढे बाहेर दिसत होते, कारण कालच्या पळण्याने पट्टा थोडा सैल झाला होता.

तात्पर्य : वस्तूची किंमत विकणारा अर्धीच सांगतो, उरलेली अर्धी वस्तूच वसूल करते; दोन्ही द्यायची तयारी आणि ती सांभाळण्याची हौस असेल, त्यालाच स्वस्त वस्तू खरोखर स्वस्त पडते.