वेशीवरची पावलं

गढीच्या गावात पाहुण्यांना भुतांच्या जागा दाखवणारी संध्याकाळची फेरी निघाली होती. पुढे कंदील घेतलेले रावसाहेब चिटणीस आणि सगळ्यांच्या मागे मृदुला. पाच वर्षांच्या लेकीला भुतं दाखवायला आणणारी आई जगात आपण एकटीच, असं तिला पहिल्याच वळणावर वाटून गेलं होतं.

गावाबाहेरून वळसा घालून परत वेशीपाशी आल्यावर रावसाहेबांनी दगडावर कंदील धरला. "ही हडळीची पावलं. बघा, बोटं गावाकडे. इथूनच ती आत शिरली, ती अजून आतच आहे."

रेवाने आईचा कुर्ता घट्ट धरला. "मी आत येणार नाही."

मुक्कामाची खोली मात्र वेशीच्या आतच होती.

"शिकलेल्या आया तुम्ही," रावसाहेब म्हणाले. "लेकराला कुठे आणू नये, एवढंही कळू नये?"

मृदुलाला ते पटलंच होतं, पण पटून लेक काही हलणार नव्हती. ती दगडापाशी वाकली.

"रावसाहेब, हडळीचे पाय उलटे असतात ना?"

"अर्थात. टाचा पुढे, बोटं मागे. शेंबडं पोरही सांगेल."

"मग बोटं गावाकडे, म्हणजे ती निघाली होती गावाबाहेर. परत आल्याचे ठसे कुठे आहेत?"

रावसाहेबांनी कंदील इकडे फिरवला, तिकडे फिरवला. दुसरे ठसे नव्हतेच. मंडळींत खसखस पिकली.

"म्हणजे ती गेली?" रेवाने विचारलं.

"कधीच गेली. पुरावा रावसाहेबांनीच दाखवला."

रेवाने कुर्ता सोडला, वेस ओलांडली आणि मागे वळून पाहिलं. रावसाहेब अजून दगडाकडेच बघत उभे होते.

"या ना आजोबा," ती म्हणाली, "आत कोणी नाहीये."