शेपटीला बैल कशाला?

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. भांडं निपटायचं नाही. एक घास जास्तीचा ठेवायचा, न बोलावता येईल त्याच्यासाठी. तो घास खायला परसात एक खार यायला लागली. तिचं नाव झिपरी. ही तिचीच गोष्ट.

झिपरीची शेपटी मऊ मऊ. शेपटीवर झोपे तिचं पिल्लू, गोंडू.

एकदा झिपरी काजळीत लोळली. काळी काळी झाली! गेली शेजारच्या गोदूमावशीच्या न्हाणीत. मावशीनं घरी केलेला साबण लावला. घसघस घासलं. शेपटी स्वच्छ झाली. पण केवढी राठ!

गोंडू रडला, "आई, टोचतंय!"

गोंडूला झोप येईना.

झिपरी गोंधळली. "धुतली तर मऊ व्हायची, ती राठ कशी झाली?"

सुरसुर सुरसुर, गेली मावशीकडे.

"मावशी, मावशी, मऊ साबण कर ना! गोंडूला झोप येईना."

मावशी म्हणाली, "कसा करू गं बाई? साबणात सोड्याचं पाणी असतं. ते फार खादाड! सगळं तेल खाऊन बसलं. तुझ्या शेपटीला उरलंच नाही. बरणी तेल देईल, तर करीन."

झिपरी गोंधळली. "शेपटीला बरणी कशाला?" पण निघाली.

सुरसुर सुरसुर.

"बरणी, बरणी, तेल दे ना! मावशी साबण करेना, गोंडूला झोप येईना."

बरणी म्हणाली, "मी रिकामी! ठण ठण! घाणा फिरेल, तर भरीन."

"शेपटीला घाणा कशाला?" पण निघाली.

सुरसुर सुरसुर.

"घाण्या, घाण्या, फिर ना! बरणी भरेना, मावशी साबण करेना, गोंडूला झोप येईना."

घाणा म्हणाला, "पोटात तीळ आहेत गं. पण मला ओढणार कोण? बैल हलेल, तर फिरीन."

"अगं बाई! शेपटीला बैल कशाला?" पण निघाली.

सुरसुर सुरसुर.

"बैलदादा, बैलदादा, हल ना! घाणा फिरेना, बरणी भरेना, मावशी साबण करेना, गोंडूला झोप येईना."

बैल म्हणाला, "हम्मा! एवढीशी तू, आणि मला उठवतेस? मला भूक लागलीय. गवत वाढेल, तर हलेन."

"शेपटीला गवत कशाला?" पण निघाली.

सुरसुर सुरसुर.

"गवता, गवता, वाढ ना! बैल हलेना, घाणा फिरेना, बरणी भरेना, मावशी साबण करेना, गोंडूला झोप येईना."

गवत म्हणालं, "तहान! तहान! पाट वाहील, तर वाढेन."

सुरसुर सुरसुर.

"पाटा, पाटा, वाहा ना! गवत वाढेना, बैल हलेना, घाणा फिरेना, बरणी भरेना, मावशी साबण करेना, गोंडूला झोप येईना!"

पाट म्हणाला, "बुड बुड! तोंडाशी पाचोळा अडकलाय. कुणी खराट्यानं झाडेल, तर वाहीन."

"खराटा? आता खराटा कुठून आणू?"

झिपरी रडकुंडीला आली. मटकन खाली बसली. शेपटी आपटली.

खर्र!

पाचोळा हलला. झिपरीनं मागे पाहिलं. राठ राठ शेपटी! अगदी खराट्यासारखी!

खर्र खर्र, खर्र खर्र! पाचोळा गेला.

पाट वाहिला झुळझुळ. गवत वाढलं लुसलुस. बैलानं खाल्लं, बैल हलला छुनछुन. घाणा फिरला कुर्र कुर्र. तेल गळलं टप टप. बरणी भरली. मावशी साबण करायला बसली.

खादाड पाण्याच्या वाट्याचं तेल घातलं. वर एक चमचा जास्तीचं. "हे शेपटीचं हं."

झिपरी म्हणाली, "अख्खी बरणी ओत ना, मावशी!"

"नको गं वेडे! फेस यायचा नाही. शेपटी ओशट होईल."

"कमी नको, खूप नको? अगं बाई!"

वड्या वाळत ठेवल्या. झिपरी रोज यायची. "झाला?" "थांब गं!" "आता झाला?" "थांब म्हटलं ना!"

मग एकदा झाला. झिपरी न्हायली. फेस आला फसफस. शेपटी झाली मऊ मऊ.

गोंडू चढला. डोकं टेकलं. घुर्र... घुर्र...

बाळांनो, तुम्हीही माझं ऐकाल ना? आज जेवताना एक घास जास्तीचा ठेवा. कोण येईल? मला तरी कुठे माहीत! पण ठेवा हं.