दोराच्या आत

फार फार पूर्वी, डोंगरांची उंची अजून कुणी मोजलीही नव्हती तेव्हा, एका कड्याखालच्या गावात भिवरा नावाची बाई राहायची. तिचा नवरा कमरेला दोर बांधून कड्यात उतरायचा आणि मध काढायचा. दोराचं दुसरं टोक वर झाडाला बांधलेलं, आणि मधे दोर धरून भिवरा उभी. म्हणजे बघा, त्या माणसाचा सगळा जीव त्या दोरावर!

जुना दोर झिजला, म्हणून भिवराने तुळाजी दोरवाल्याकडून नवाकोरा दोर घेतला. त्या बाजाराची एक रीत होती. गिऱ्हाइकाने दोर ओढून बघायचा, टोकाला आपल्या हाताने गाठ मारायची आणि म्हणायचं, "पाहिलं, पटलं." गाठ मारली की तक्रार संपली. भिवराने चांगले चार हिसके देऊन पाहिले आणि गाठ मारली.

दुसऱ्याच दिवशी, पहिल्याच उतरणीला दोर तुटला. नवरा खालच्या झुडपात अडकला म्हणून वाचला, पण पायाचं हाड मोडलं. भिवराने हातात उरलेला तुकडा उसवला. बाहेरून अंबाडीचा छान पिवळा वाख, आणि आत? आत कुजकं गवत!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला घरी निजवून ती तो तुकडा घेऊन थेट दुकानात आली.

"शेट, हे काय आहे?"

तुळाजीने गवताकडे बघितलंच नाही. टोकाच्या गाठीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही गाठ कुणाची?"

"माझी."

"मग झालं तर! पाहिलं, पटलं, असं तूच म्हणालीस ना? आता बोंबलून काय उपयोग?"

काय निगरगट्ट माणूस! घरात नवरा विव्हळतोय आणि हा गाठ दाखवतोय. बरं, शेजारचे दुकानदारही माना डोलवायला लागले, "रीत ती रीत, बाई." जळो मेली असली रीत! भिवराने दुकानातला आणखी एक नवा दोर उचलला आणि पंचांचा पार गाठला. तिच्यामागे तुळाजी आला, त्याच्यामागे सगळा बाजार.

सर्वांत म्हातारे पंच म्हणाले, "पोरी, घेताना नीट पाहायला नको होतंस?"

"आबा, काय पाहणार होते मी?" भिवरा कडाडली. तिने नवा दोर त्यांच्या हातात दिला. "हा न उसवता आत काय आहे ते सांगा."

आबांनी दोर दाबला, वाकवला, वास घेतला. त्यांना काही सांगता येईना.

"आणि दुकानात उसवला असता, तर दोर नासवलास म्हणून हाच माझ्या अंगावर आला असता! मग आतलं पाहिलं कुणी? ज्याने वळला त्याने. कुजकं गवत स्वतःच्या हाताने घातलंय याने, आणि गाठ माझी?"

आबांची मान खाली गेली.

"आम्ही इतकी वर्षं चुकलो," ते म्हणाले. "तुळाजी, आजपासून गाठ विकणाऱ्याची. हा दोर घे, गाठ मार आणि म्हण, आतून चांगला आहे, तुटला तर मी जबाबदार."

तुळाजीने टोक हातात घेतलं. एक फेरा घातला, पुन्हा सोडला. गाठ काही मारेना. सगळ्यांना कळायचं ते कळलं.

गवताचे सगळे दोर तिथेच जाळले. आबांनी निकाल दिला, की भिवराचा नवरा बरा होईपर्यंत तुळाजीने स्वतः वळलेल्या दोराने कड्यात उतरायचं आणि मध भिवराच्या घरी पोचवायचा.

तेव्हापासून तुळाजी वाखाचा एकेक धागा उन्हात धरून बघायचा, मगच पीळ द्यायचा. तो उतरायचा तेव्हा वर दोर धरून भिवरा उभी असायची. तिचा राग तसूभरही गेला नव्हता, पण हात तिने एकदाही सैल सोडला नाही.

तर लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: मालातली जी खोट फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असते, ती घेणाऱ्याच्या माथी मारणं हा अन्याय आहे आणि तो मुकाट्याने सोसू नये.